स्नायु, त्यांचीं कामें व त्यांचे विकार

वाचकहो, शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांतील आपल्या बहुतेक लोकांचा निर्वाह अंगमेहनतीवर चालतो. पावसाळ्यांत आवणी, पुढें कापणी व झोडणी, त्यानंतर वीटभट्टीची मजुरी, आणि बायांच्या डोक्यावर पाण्याचे हंडे. तानसा व भातसा ह्या आपल्याच भागांतील जलाशयांचें पाणी मुंबईस जातें, तरी उन्हाळ्यांत येथील पुष्कळ पाड्यांवरील स्त्रियांना लांबून पाणी वाहून आणावें लागतें. हीं सर्व कामें ज्यांच्या बळावर होतात ते स्नायु होत. असें असून आपण त्यांजविषयीं फार थोडें जाणतों, आणि हें अज्ञान कधीं कधीं जिवावर बेततें. स्नायु काम कसें करितात, ते कां बिघडतात, कोणत्या वेळीं घरीं विसांवा घ्यावा व कोणत्या वेळीं क्षणाचाही विलंब न लावितां दवाखाना गांठावा, ह्याचा ह्या धड्यांत विचार करूं. ज्यांना वाचतां येतें त्यांनीं हा धडा इतरांस वाचून दाखवावा.

१. स्नायु ओढतो, ढकलीत नाहीं

बकरें कापलें असतां हाडांवर जें तांबडें मांस दिसतें, तेच त्याचे स्नायु. मनुष्याच्या शरीरांत हाडांना जोडलेले ६०० हून अधिक स्नायु असतात, आणि धडधाकट माणसाच्या वजनाचा सुमारें ४० टक्के भाग त्यांचाच असतो. स्नायूचीं टोकें चिवट, पांढऱ्या दोरीसारख्या कंडरांनीं हाडांस बांधलेलीं असतात. टांचेच्या वर मागच्या बाजूस हात लावून पाहा. तेथें जी जाड दोरी हातास लागते ती पोटरीच्या स्नायूची कंडरा होय.

स्नायूविषयीं मुख्य गोष्ट ही कीं, तो केवळ ओढूं शकतो. बैल जशी गाडी ओढतो, तसा तो हाडास ओढतो. ढकलणें त्याला ठाऊक नाहीं. म्हणून सांधा दोन्ही बाजूंस हलावा ह्यासाठीं स्नायूंच्या जोड्या आहेत. डाव्या हातानें उजवा दंड धरून उजवें कोंपर वांकवा. दंडाचा पुढचा स्नायु आंखूड व टणक होतो. आतां एखादी जड वस्तु खालीं दाबल्याप्रमाणें हात सरळ करा; मागचा स्नायु टणक होईल. एक ओढीत असतां दुसऱ्यानें सैल सुटलें पाहिजे. दोघेही एकाच वेळीं ओढूं लागले तर हात जागच्या जागीं ताठ होईल. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे.

आंखूड होणें म्हणजे काय? प्रत्येक स्नायु हजारों बारीक तंतूंचा बनलेला असून तंतूच्या आंत जाड व पातळ अशा दोन प्रकारच्या धाग्यांच्या रांगा असतात. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवा व हात जवळ आणा. बोटांची लांबी कमी झाली नाहीं, तीं केवळ एकमेकांत सरकलीं. स्नायूंतील धागे असेच सरकतात, हें १९५४ सालीं शोधकांच्या दोन निरनिराळ्या मंडळ्यांनीं दाखवून दिलें. आणखी एक नवल असें कीं, पकड सोडण्यासही शक्ति लागते. प्राण गेल्यावर कांहीं तासांनीं प्रेत ताठ होतें तें ह्याचमुळें. पकड सोडविण्यास लागणारी शक्ति शरीरांत उरलेली नसते.

२. बैल, कासरा व गाडीवान

बैल कितीही बळकट असला तरी कासऱ्यावांचून तो कोणत्या दिशेस जाईल? शरीरांत मेंदू हा गाडीवान, मज्जातंतु हा कासरा व स्नायु हा बैल होय. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून धांवत येतो, त्याच्या टोकाशीं एक सूक्ष्म द्रव्य स्नायूवर सुटतें, आणि स्नायु आंखडतो. म्हणून हातपाय चालेनासे झाले म्हणजे पहिला प्रश्न हा विचारावा: बैल थकला आहे कीं कासरा तुटला आहे?

पोटांतील आंतडीं, गर्भाशय व रक्तवाहिन्या ह्यांच्या भिंतींत दुसऱ्या जातीचे स्नायु असतात. ते आपल्या इच्छेवांचून चालतात. हृदय हा तिसऱ्या जातीचा स्नायु. तो दिवसांत सुमारें एक लाख वेळां आंखडतो, आणि आपला ठेका आपणच धरितो. मज्जातंतु तो ठेका केवळ जलद किंवा मंद करितात. कोंकणांतील तांबड्या विंचवाचें विष ह्याच मज्जातंतूंस भलतेच चेतवून हृदयावर असह्य भार घालितें. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं विंचूदंशावर प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, व त्यामुळें पुष्कळांचे प्राण वांचले.

श्वासाची गोष्ट मात्र निराळी आहे. छातीखालील पडद्याचा स्नायु प्रत्येक श्वासागणिक कासऱ्याच्या हुकुमाची वाट पाहतो. हुकूम थांबला कीं श्वास थांबला, मग हृदय चालू असलें तरी.

३. बैल थकतो तेव्हां

आवणीच्या वेळीं दिवसभर वांकून राहिल्यानें पाठीचे स्नायु ताणलेल्या स्थितींत धडाचा भार धरून ठेवितात. म्हणून थोड्या थोड्या वेळानें उभें राहून पाठ मागें वळवावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १५ लिटरचा हंडा भरला कीं मानेवर १५ किलो भार आणि वर हंड्याचें वजन. ओझें उचलतांना कमरेंत न वांकतां गुडघे वांकवून बसावें, ओझें अंगाशीं धरावें व मांड्यांच्या बळावर उठावें, कारण मांड्यांचे स्नायु पाठीच्या स्नायूंहून फार बळकट असतात.

स्नायु अकस्मात् ताणला जाऊन त्याचे कांहीं तंतु तुटले म्हणजे लचक भरते. पहिले दोन दिवस त्या अवयवास विसांवा द्यावा, गार पाण्याची घडी ठेवावी व तो उंच ठेवावा. ह्या दिवसांत जोरानें चोळणें किंवा शेकणें बरें नव्हे; त्यानें आंतील रक्तस्राव व सूज वाढते. पाय टेकवेनासा झाला अगर हाड वांकडें दिसलें तर तें लचकणें नव्हे, वैद्याकडे जावें.

भट्टीवर किंवा उन्हांत घाम फार गेला कीं पोटरींत गोळा येतो. स्नायु आंखडतो आणि सुटत नाहीं. अशा वेळीं पाय सरळ करून पाऊल नडगीकडे ओढून धरावें, म्हणजे गोळा सुटतो. उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून तें घोंट घोंट प्यावें. चमचा चहाचा घ्यावा, मोठा नव्हे.

४. कासरा तुटतो तेव्हां

आतां ह्या धड्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पावसाळ्यांत कोणी जमिनीवर निजलेला असतो. पहांटे तो पोट दुखतें म्हणून उठतो. अंगावर जखम दिसत नाहीं, सूज नाहीं, आग नाहीं. थोड्या वेळानें त्याच्या पापण्या मिटूं लागतात, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळवत नाहीं, शब्द बोबडे येतात. घरचे म्हणतात, झोंप पुरी झाली नाहीं. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा झाली. वाचकहो, ही बहुधा मण्यार आहे. हा चकचकीत काळा, पांढऱ्या बारीक आडव्या पट्ट्यांचा साप रात्रीं फिरतो, आणि त्याचे दांत इतके बारीक कीं निजलेल्यास पुष्कळदां चावल्याचें कळतही नाहीं. त्याचें विष स्नायूस हात लावीत नाहीं. तें मज्जातंतूच्या टोकावर घाव घालितें. बैल धडधाकट उभा आहे, पण कासरा तुटला आहे. प्रथम पापण्यांचे लहान स्नायु पडतात, मग गळ्याचे, शेवटीं श्वासाचे.

सर्पविषावरील लस रक्तांत फिरणाऱ्या विषास पकडते, परंतु जीं मज्जातंतूचीं टोकें आधींच नासलीं तीं तिला दुरुस्त करितां येत नाहींत. तीं शरीर स्वतः पुनः घडवितें, त्यास कित्येक दिवस लागतात, आणि तोंवर यंत्रानें श्वास द्यावा लागतो. म्हणून एक घटका आधीं पोंचणें ह्यांतच सर्व कांहीं आहे. पापणी मिटलेला मनुष्य मेला असें समजूं नये. त्यास ऐकूं येत असतें, केवळ डोळा उघडण्याचा हुकूम पोंचत नसतो. त्याच्याजवळ रडारड न करितां त्यास धीर द्यावा.

काय करावें? चावलेला अवयव हलवूं देऊं नये. कापूं नये, चोखूं नये, दोरीनें आंवळूं नये. गिळवत नसल्यास तोंडांत कांहीं घालूं नये, व रोग्यास कुशीवर निजवावें. १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनानें जवळचें आरोग्य केंद्र, शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय अगर मुरबाडचें ग्रामीण रुग्णालय गांठावें. भगताकडे नेलेले कित्येक बरे होतात हें खरें. परंतु पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळीं विष सोडतोच असें नाहीं. मंत्राचें यश तेवढेंच. नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांवर एकच लस चालते. म्हणून साप मारून आणण्यांत वेळ दवडूं नये. निजावयाचें तें खाटेवर, आणि जमिनीवर निजणें भाग पडल्यास मच्छरदाणी अंथरुणाखालीं चोहोंकडून खोंचून.

कासरा तुटण्याचें दुसरें उदाहरण पोलिओचें. त्याचा विषाणु पाठीच्या कण्यांतील मज्जापेशी मारतो, आणि हुकूम न मिळालेला पाय वाळत जातो. लशीच्या योगानें ह्या देशांतील शेवटचा रोगी २०११ सालीं दिसला, व २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. तरीही मुलाचा हात किंवा पाय अकस्मात् लुळा पडल्यास त्याच दिवशीं डॉक्टरास कळवावें. आणि मोठ्या माणसाचें तोंड एकाएकीं वांकडें झालें, एका बाजूचा हात पडला, बोलणें अडखळलें, तर घाव गाडीवानावर, म्हणजे मेंदूवर झाला आहे. रक्ताची गांठ विरघळविण्याचें औषध साधारणपणें साडेचार तासांच्या आंतच देतां येतें.

५. सर्व बैल एकदम ओढूं लागतात तेव्हां

एक स्नायु ओढीत असतां दुसऱ्यानें सैल सुटावें, असें आपण वर पाहिलें. मातींत व शेणांत असणारा धनुर्वाताचा जंतु जखमेंत शिरला कीं त्याचें विष नेमका हा आवर नष्ट करितें. मग जोडींतील दोन्ही स्नायु एकदम ओढतात. प्रथम जबडा बसतो, तीच दांतखीळ. पाठीचे स्नायु पुढच्या स्नायूंहून बळकट असल्यामुळें अंग मागें धनुष्यासारखें वांकतें. त्यावरूनच ह्या रोगास हें नांव पडलें. गरोदर स्त्रीस लस दिल्यानें व निर्जंतुक हत्यारानें नाळ कापल्यानें अर्भकांचा हा रोग इतका कमी झाला कीं, २०१५ सालीं देशांतून त्याचें उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. तथापि जंतु मातींत आहेच. नाळेस शेण किंवा राख लावूं नये. विळा, कोयता, खिळा लागल्यास जखम साबणानें भरपूर धुवून लस घेण्यास जावें.

६. बैलच झिजतो तेव्हां

पोटास पुरेसें मिळालें नाहीं कीं शरीर आपलेच स्नायु खाऊं लागतें. म्हणूनच अंगणवाडींत बालकाचा दंड मोजितात. सहा महिने ते पांच वर्षे वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरहून बारीक भरला तर तें मूल धोक्यांत आहे. डाळ, अंडें, सुकी मासळी, दूध हीं स्नायु घडविणारीं अन्नें होत, आणि वेळेवर मिळालीं तर झिजलेलें अंग पुनः भरतें.

दुसरी झीज ह्याहून कठीण. सुमारें ५,००० मुलग्यांत एकास जन्मतः असा दोष असतो कीं, स्नायूंच्या तंतूंस टिकवून धरणारें द्रव्य त्याच्या शरीरांत बनतच नाहीं. तीन ते पांच वर्षांचा होतां होतां तो वारंवार पडूं लागतो. पोटऱ्या फुगलेल्या दिसतात. जमिनीवरून उठतांना आपल्याच मांड्यांवर हात टेकीत टेकीत वर येतो. अशा मुलास लौकर मोठ्या रुग्णालयांत दाखवावें. रोग समूळ जात नाहीं, पण औषध व व्यायाम ह्यांनीं पुष्कळ वर्षे सुसह्य होतात. हा दोष पुष्कळदां आईकडून येतो, परंतु तो तिनें केलेला नव्हे, जसा आपल्या डोळ्यांचा रंग कोणी केलेला नसतो. तिच्यावर करणीचा किंवा पापाचा आळ घालणें हा त्या घरावर दुसरा घाव घालणें होय.

उजळणीचे प्रश्न

१. स्नायु ढकलूं शकत नाहीं, तर कोंपर सरळ कसें होतें?
२. मण्यार चावलेल्याचा श्वास थांबला तरी हृदय कांहीं काळ कां चालतें?
३. सर्पविषावरील लस उशिरां दिल्यास ती अपुरी कां पडते?
४. धनुर्वातांत अंग मागेंच कां वांकतें?
५. आपल्या पाड्यावरून जवळच्या दवाखान्यास रात्रीं कोणत्या वाहनानें जातां येईल? ते वाहन कोणाचें? ह्या प्रश्नाचें उत्तर आजच ठरवून ठेवावें.