हळद, चुना आणि माणसाची ओळख

हळद पिवळी, चुना पांढरा. परंतु दोन्ही एकत्र कालविलीं म्हणजे रंग तांबडा होतो. माणसांविषयींचे आपले ग्रह असेच बनतात. ‘विधवा’ म्हटलें म्हणजे मनांत एक चित्र उभें राहतें, ‘पंडित’ म्हटलें म्हणजे दुसरें. तींच नांवें एका व्यक्तीस लागलीं म्हणजे त्यांची बेरीज होत नाहीं. तिसरेंच कांहीं दिसूं लागतें. पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून हें आम्ही ह्या पाठांत पाहूं.

रमाबाई १८५८ सालीं चित्पावन ब्राह्मण कुळांत जन्मल्या. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. वीस वर्षांची ब्राह्मण कन्या आणि मुखीं संस्कृत, ह्याचें सर्वांस कौतुक वाटलें. १८८० सालीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या अन्य जातीच्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. १८८२ सालीं ते वारले. तेंच पांडित्य आतां विधवेचें, तेंही जातीबाहेर लग्न केलेल्या विधवेचें, झालें.

१८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची गोष्ट ख्रिस्ती वाचकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावी. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत त्या शिकत व संस्कृत शिकवीत. त्यांनीं तरुण पुरुषांसही शिकवावें असें ठरूं लागतांच हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. अशानें स्वदेशीं त्यांचें वजन कमी होईल, असें त्यांचें म्हणणें. वास्तविक गोऱ्या बाया त्याच कॉलेजांत शिकवीत, आणि हिंदी पंडित व मुनशी गोऱ्या साहेबांस शिकवीत हें आपल्याकडे नित्याचेंच होतें. केवळ स्त्री किंवा केवळ हिंदी असण्यानें अडलें नसतें. दोन्ही एकत्र आलीं तेव्हां, आम्हांस वाटतें, पंडिता दृष्टिआड झाली आणि जिला जपावें अशी पडद्यांतील बाई तेवढी उरली. रमाबाईंनीं उत्तर दिलें कीं, माझी आई व मी तरुणांस शिकवीत असतां माझ्या वडिलांनीं किंवा पतीनें कधीं हरकत घेतली नव्हती. उत्तर चोख होतें!

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें. पुढें तें पुण्यास गेलें. तेथें १८९३ सालीं धर्मांतराचा बोभाटा झाला. पालकांनीं मुली काढून नेल्या. रानडे व भांडारकर ह्यांनींही सल्लागार मंडळ सोडलें. बाई ख्रिस्ती नसती तर विधवांची कैवारी, आणि विधवांत वावरत नसती तर नुसती ख्रिस्ती. एकत्र झाल्यावर भय.

हा पाठ घेतांना उपदेशकांनीं मंडळीस एवढें विचारावें: आपल्यांत जी विधवा, गरीब व परगांवची आहे, पण वाचूं शकते, तिला वचन वाचावयास शेवटचें कधीं उभें केलें होतें?