चित्रांची जपणूक

बदलीचा हुकूम हाती पडला, की घरात आवराआवर सुरू होते. भांडीकुंडी, पुस्तके, गाद्या यांची बांधाबांध होते आणि कपाटाच्या तळाशी किंवा जुन्या दप्तरात मुलांनी काढलेल्या चित्रांचा ढीग सापडतो. ट्रकमध्ये जागा मोजकी, वेळ त्याहून मोजका. ढीग रद्दीत जातो. दारातल्या तराजूवर आपलेच चित्र पाहणाऱ्या मुलाला काय वाटत असेल, याचा विचार करायला त्या धांदलीत कोणाला सवड नसते. मोठ्यांच्या लेखी तो कागद असतो. मुलाच्या लेखी ते त्याने केलेले काम असते. ज्यांची बदली होत नाही, त्यांच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत हेच घडते.

सारेच जपून ठेवणे कोणालाही शक्य नाही. म्हणून थोडे ठेवावे, पण नीट ठेवावे. आणि काय ठेवायचे हे शक्य तितके मुलालाच ठरवू द्यावे.

चित्रामागची नोंद

तारखेवाचून नोंदीला अर्थ नसतो, हे बँकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. चित्राचेही तसेच आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांतील वाढीचे टप्पे मांडले. ढोबळमानाने २ ते ४ या वयात रेघोट्या व गिरगोट्या असतात. ४ वर्षांच्या सुमारास डोक्यातूनच थेट पाय फुटलेला माणूस कागदावर अवतरतो. ७ वर्षांच्या आसपास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि घर, झाड, माणसे तिच्यावर ओळीने उभी राहतात. प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाते. परंतु मागे पडलेला टप्पा पुन्हा येत नाही. बिनपोटाचा तो माणूस सात वर्षांच्या मुलाकडून पुन्हा काढून घेता येणार नाही.

म्हणून चित्राच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने नाव, तारीख, वय आणि गाव लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. मुलाने चित्राविषयी सांगितलेले एखादे वाक्य त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे. पुढे चित्राइतकेच तेही मोलाचे ठरते.

वर्षाची निवड

३१ मार्चला हिशेब मिटतात. शाळेचे वर्षही याच सुमारास संपते. तेव्हा वर्षभराची चित्रे जमिनीवर पसरून मुलासह बसावे. त्यातील १० ते १२ निवडावीत. सुबक चित्रांबरोबर मुलाला आवडलेले वेडेवाकडे चित्रही घ्यावे. उरलेल्यांपैकी काही आजी-आजोबांना पत्रासोबत पाठवावीत, काहींची पाकिटे किंवा भेटवस्तूंची वेष्टणे करावीत. मुलाच्या संमतीने निरोप दिलेले चित्र त्याला टाकून दिल्यासारखे वाटत नाही. १० वर्षांत १०० ते १२० चित्रे होतात आणि ती एका पसरट खोक्यात आरामात मावतात.

किल्ला, रांगोळी, मातीची चित्रे अशा खोक्यात न मावणाऱ्या गोष्टींचे, शेजारी मुलाला उभे करून, छायाचित्र काढावे. चित्र स्कॅन करायचे असल्यास ३०० डीपीआय पुरेसे आहे. प्रतींचे दोन संच दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत.

कागदाचे शत्रू

स्वस्त कागदातील लिग्निन हा घटक उजेड व हवा यांच्या संपर्काने कागद पिवळा पाडतो. वर्तमानपत्र लवकर पिवळे पडते ते यामुळेच. म्हणून चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत. सेलोटेपचा चिकटपणा काही वर्षांत तपकिरी डाग होऊन उरतो. पिठाच्या खळीवर कसर येते. उष्णतेवर होणाऱ्या लॅमिनेशनने मेणखडूचा रंग वितळू शकतो आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही.

चित्रे आडवी, सपाट ठेवावीत. सुरळी केल्यास पोस्टर रंगाचा जाड थर तडकतो. मेणखडूचा रंग शेजारच्या कागदास लागतो, यासाठी मध्ये बटर पेपर घालावा. खोके माळ्यावर, जमिनीवर किंवा ओल येणाऱ्या भिंतीलगत ठेवू नये. मुंबई, कोकण वा कोलकात्यासारख्या दमट हवेत बुरशीचे भय अधिक. तेथे पावसाळा संपताच खोके उघडून चित्रांना सावलीत हवा द्यावी. राजस्थानच्या कोरड्या हवेत धुळीपासून जपावे. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला असावा, कारण ओल्या पाल्याने दमटपणा येतो. डांबराच्या गोळ्या मुलांच्या हाती पडल्यास विषारी ठरतात; त्या टाळलेल्याच बऱ्या.

भिंतीवरचा मान

काही चित्रे मात्र पेटीत नव्हे, डोळ्यांसमोर असावीत. भिंतीलगत दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी ती टांगावीत. दोरी मुलाच्या नजरेच्या उंचीवर असावी, म्हणजे तेच आपले चित्र बदलू शकेल. स्केचपेनचे रंग उजेडात लवकर विटतात आणि पाण्याने फुटतात. खिडकीचे ऊन व स्वयंपाकघरातील फोडणीची वाफ यांपासून ती दूर ठेवावीत. महिन्या-दोन महिन्यांनी चित्रे पालटावीत. एखादे चौकटीत बसवायचे झाल्यास काच आणि चित्र यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कड ठेवून थोडे अंतर राखावे, नाहीतर रंग काचेला चिकटतो.

घरात दोन मुले असतील, तर दोघांनाही सारखी जागा द्यावी. पाहुण्यांसमोर तुलना करू नये आणि चित्रातील चुकाही दुरुस्त करू नयेत. निळा घोडा निळाच राहू द्यावा.

पुढच्या बदलीच्या वेळी हे खोके सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता आपल्यासोबत न्यावे. नव्या गावात, अनोळखी भिंतींच्या घरात पहिल्याच दिवशी दोरी बांधून मुलाचे एक चित्र लावावे. जुने मित्र आणि जुनी शाळा मागे सोडून आलेल्या त्या लहान माणसाला, हे घरही आपलेच आहे, एवढे त्यातून कळले तरी पुष्कळ झाले.