जोत्याच्या आधीचे पंधरा हजार

घरकुल मंजूर झालं की गावात एकच आकडा फिरतो, एक लाख वीस हजार. आकडा खरा आहे, पण तो एकरकमी हातात पडत नाही. दौंड तालुक्यात आईचं घरकुल बांधून घेतलं, शिरूर तालुक्यात बहिणीचं उभं राहताना पाहिलं. दोन्हीकडे अडचण आली ती जोत्याच्या आधी.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण टप्पा दोनमध्ये आपल्याकडे पहिला हप्ता १५ हजारांचा. जोतं झालं की ७० हजार, पुढे ३०, आणि घर पुरं झाल्यावर शेवटचे ५. म्हणजे पाया पंधरा हजारांत आणि उसनवारीत काढायचा. आमची भीमाकाठची काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. "मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागंल," गवंडी म्हणाला. जेसीबी, दगड, सिमेंट आणि भरावाच्या मुरमातच हप्ता संपला, तेव्हा जोतं जमिनीच्या वरही आलं नव्हतं. बहिणीकडे माळरान, पाया उथळ. पण तिथं गवंडी मिळेना. रांजणगाव-सणसवाडीकडच्या कामांवर रोज जास्त मिळत असताना घरकुलाच्या रोजावर कोण येतो?

घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं हवं. मोठं बांधायला मनाई नाही, आणि माणूस अडकतो तो तिथंच. "बांधतोच आहे तर आणखी एक खोली" असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. आमच्या आळीत असं एक घर छज्ज्यापर्यंत येऊन थांबलंय, सळया गंजल्यात. अनुदान जोत्याच्या मापानं वाढत नाही. आधी मंजूर मापाचं घर पुरं करा, खोली मागाहून जोडता येते.

दुसरी गोष्ट फोटोची. घरकुलाचे इंजिनिअर येतात, लाभार्थ्याला कामाजवळ उभं करून मोबाइलवर फोटो घेतात आणि जागेची नोंद त्यातच होते. आई डोक्यावर पदर घेऊन ओल्या जोत्याशी उभी राहिली, पण फोटो काही पुढे जाईना. मंजुरीच्या वेळी नोंदवलेली जागा जुन्या घराची, आणि आम्ही पाया भावकीच्या वादामुळे रस्त्याच्या पलीकडे घेतलेला. तीही जागा आईच्याच नावची, तरी दुरुस्ती होईपर्यंत ७० हजार अडकले. जागा बदलणार असाल तर खोदाईआधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि नमुना ८ चा उतारा कोणाच्या नावे आहे तेही तपासा.

हप्ता सुटला तेव्हा तो आईच्या नेहमीच्या पासबुकात नव्हता. मागं कधीतरी उघडलेल्या दुसऱ्या बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं होतं, पैसे तिथं गेले. म्हणून आधार कुठल्या खात्याला जोडलंय हे बँकेत जाऊन विचाराच.

एक लाख वीस हजारांच्या बाहेरचे पैसे अनेकजण सोडून देतात. शौचालयाचे १२ हजार वेगळे असतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी होती, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं २८ हजारांवर. पण त्यासाठी जॉबकार्ड आणि मस्टरवर नाव लागायचं. राज्यानं २०२५ मध्ये ५० हजार वाढवले, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलला. वाळूही ५ ब्रास मोफत ठरली आहे. तिची वाहतूक कोण करणार ते आधी तहसीलमध्ये विचारा.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून खरेदीला एक लाखापर्यंत मदत मिळते. शिरूर किंवा दौंड शहरात राहणाऱ्यांनी मात्र ग्रामपंचायतीत खेटे घालू नयेत. त्यांची योजना शहरी, अर्ज नगरपरिषदेत, आणि स्वतःच्या जागेवर बांधायला मदत अडीच लाखांची.

मंजुरीपत्र हातात आलं म्हणून जुनं छप्पर लगेच उतरवू नका, पाऊस तोंडावर असेल तर मुळीच नको. जोत्यापर्यंतचा खर्च गवंड्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तेवढी सोय झाल्यावरच कुदळ मारा. हप्ता काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.