किटमधून चेनसॉ: खरंच स्वस्त पडतो का?

चेनसॉच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, किट मागवून मशीन जोडायचे आणि विकायचे, चालेल का धंदा?" उत्तर शेवटी देतो. आधी काम समजून घ्या.

अमेरिकेत हा हौशी मंडळींचा छंदच आहे. स्टिल एमएस 660 सारख्या दमदार मॉडेलला बसतील असे सगळे सुटे भाग चिनी कंपन्या एका खोक्यात घालून विकतात. 54 मिमी बोअर, 40 मिमी स्ट्रोक, म्हणजे जवळपास 92 सीसी. बार आणि चेन बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते.

जोडणीचे टप्पे असे:

1. आधी सगळे भाग मोजा, धुवा, धारदार कडा घासून घ्या.
2. क्रँककेसमध्ये बेअरिंग बसवताना केस गरम करा, बेअरिंग फ्रीझरमध्ये गार करा. हातोडा नको.
3. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवा. सर्क्लिप चांगल्या प्रतीची वेगळी विकत घ्या. ती निसटली की सिलिंडर गेलाच म्हणून समजा.
4. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा.
5. लीक टेस्ट करा. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद करून हातपंपाने अर्धा बार हवा भरा. काटा खाली यायला नको.

पाचवा टप्पा मी पहिल्या वेळी टाळला. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, मी खूश! पण सीलमधून हवा आत जात होती. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. तेही कमी पडलं. दहा मिनिटांत पिस्टन धरला. दहा रुपयांची घाई, हजारांचा फटका.

आता हिशेब. आकडे फक्त उदाहरणाला घेतलेत:

किट 15,000
शिपिंग आणि ड्युटी 6,000
बदललेले भाग 3,000
बार-चेन 2,500
तुमचे 20 तास, तासाला 150 प्रमाणे 3,000
एकूण 29,500 रुपये

बहुतेक जण पहिली ओळ पाहून "स्वस्त" म्हणतात. शेवटच्या दोन ओळी कागदावर येतच नाहीत. यात वॉरंटीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

म्हणून माझं उत्तर: विकण्यासाठी नको, शिकण्यासाठी जरूर. दुसऱ्याचं नाव चिकटवून विकलंत तर कायद्यात अडकाल. चेन ब्रेक नीट लागला नाही तर गिऱ्हाइकाचा हात जाईल, आणि ते कुठल्याच नफ्यात बसत नाही. पण एक मशीन स्वतः जोडलेल्या माणसाला दुसऱ्याचं बिघडलेलं मशीन उघडायची भीती राहत नाही. खरा धंदा तिथे आहे, दुरुस्तीत!

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातल्या एका वस्तूचा असाच हिशेब मांडा. स्वतःचे तास धरायला विसरू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!