पाहुणे बोलतील, मग मुले काय करतील? शाळेच्या सेवा मंडळाचे यंदाचे नियोजन



शाळा सुरू झाल्या आहेत. रोवणे अजून लागायचे आहेत. एकदा ते लागले की पालक सभेला चार माणसे जमवणेही कठीण, म्हणून आमच्या सेवा मंडळाचे पुढच्या सहा महिन्यांचे नियोजन आजच मांडते. आमची शाळा सातवीपर्यंतची, आणि मंडळात पाचवी ते सातवीची मुले आहेत.

नियोजन म्हणजे तसे दोनच रकाने. कोण पाहुणे येणार आणि मुले कोणते काम करणार. गंमत अशी की बऱ्याच ठिकाणी या दोन रकान्यांची एकमेकांशी ओळखच नसते. पाहुणे येतात, पर्यावरणाचे महत्त्व सांगून जातात. पुढच्या आठवड्यात मुले कसलातरी फलक धरून प्रभातफेरी काढतात. दोन्हीचे फोटो अहवालाला लागतात. मुलांना विचारा, "परवा कोण आले होते रे?" तर उत्तर येते, "मोठे साहेब आले होते, बिस्कीट वाटले."

यंदा आम्ही एकच नियम ठरवला. ज्या पाहुण्यांच्या बोलण्यातून मुलांच्या हाताला काही काम मिळणार नाही, त्यांना २६ जानेवारीला मानाने बोलवायचे, पण सेवा मंडळात नाही.

हा नियम काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. सेवा करणाऱ्या मोठ्या क्लबांचा इतिहास पाहिला तर तो तिथे सापडतो. लायन्स क्लब १९१७ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. ३० जून १९२५ रोजी त्यांच्या अधिवेशनात हेलन केलर पाहुण्या म्हणून आल्या. डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, अशा या ४५ वर्षांच्या बाईने कौतुकाचे भाषण केले नाही. अंधांसाठी तुम्ही उभे राहा, अशी सरळ मागणी केली. लायन्सने ती मानली, आणि नेत्रतपासणी, मोतीबिंदूची शिबिरे, चष्मेवाटप ही त्यांची ओळख झाली. आज आपल्याकडे लायन्सच्या शिबिरात एखाद्या आजीचा डोळा तपासला जातो, त्याचे मूळ त्या भाषणात आहे. पाहुणा बोलवावा तर असा, काहीतरी मागणारा.

रोटरीचे पाहा. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत चार माणसे जमली. पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बैठक घ्यायची, म्हणून नाव रोटरी. त्यांनी हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम काय असेल? शहरात सार्वजनिक शौचालय! पुढे १९८५ पासून याच संस्थेने जगातून पोलिओ घालवण्याचे काम उचलले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यात आपल्या अंगणवाडी ताईंचे आणि आशा ताईंचे पाय किती झिजले, हे प्रत्येक आईला माहीत आहे.

आणि २३ फेब्रुवारी ही तारीख विदर्भाला वेगळ्या कारणाने पाठ आहे. १८७६ साली याच तारखेला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात गाडगेबाबांचा जन्म झाला. त्यांच्याबद्दल डिसेंबरच्या नियोजनात लिहिते.

आता आमचे महिने.

जुलै : साप. रोवण्याच्या दिवसांत आपल्या धानपट्ट्यात सर्पदंश होतात, हे कुणाला सांगायला नको. देशात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सापाच्या दंशाने दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही माणसे बहुतेक खेड्यांतलीच, शेतात राबणारी. म्हणून पहिले पाहुणे प्राथमिक आरोग्य केंद्रातले. सर्पमित्रांनाही बोलावले आहे, पण बरणीतला जिवंत साप आणायचा नाही, ही अट आधीच सांगून टाकली. एक तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात साप पकडून त्याचा खेळ करायला मनाई आहे. आणि दुसरे म्हणजे साप समोर दिसला की मुले त्यालाच पाहतात, बोलणे कोणी ऐकत नाही.

मुलांच्या डोक्यात पक्के बसावे असे मुद्दे आम्ही पाहुण्यांशी आधीच बोलून ठरवले आहेत. नाग, मण्यार आणि घोणस हे आपल्या भागातले मोठ्या धोक्याचे साप. त्यातला मण्यार रात्री घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि बरेचदा ना सूज येते ना दुखते. लेकरू पहाटे पोटात दुखते म्हणते, डोळ्यांच्या पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते रात्रीचे काही बाधले. यात वेळ जातो. दंश झाला की करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचे नाही, रक्त चोखायचे नाही, मांत्रिकाकडे तर जायचेच नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा. विषावरचे औषध तिथे मिळते, भगताकडे मिळत नाही.

यानंतर मुलांचे काम. दोघादोघांची जोडी आपल्याच टोलीतल्या पाच घरी जाईल आणि चार प्रश्न विचारेल. घरात जमिनीवर कोण झोपते? मच्छरदाणी आहे का? रात्री बाहेर जाताना बॅटरी घेता का? १०८ कशाचा नंबर आहे? मच्छरदाणी नीट खोचून झोपल्यास मण्याराचा धोका कमी होतो, ही गोष्ट मुलेच घरोघरी सांगतील. उत्तरे वहीत लिहून आणली की सहावीच्या वर्गात त्याचा स्तंभालेख काढायचा. गणिताचा तासही झाला आणि काम खरे झाले. पुन्हा नोव्हेंबरात, धान कापणीच्या वेळी, त्याच घरी जाऊन तेच प्रश्न विचारायचे. पाच घरांतल्या एका घरी जरी मच्छरदाणी आली असेल तर आम्ही समाधान मानू.

ऑगस्टमध्ये नवीन काही ठेवले नाही. पोळा, तान्हा पोळा, गणपती, मुलांचे लक्ष ठिकाणावर नसते. बोजारा गोळा करायच्या दिवसांत सेवा मंडळाचे नाव कोण घेतो? तेव्हा विश्रांती.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : तलाव. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते यंदाचे सर्वांत मोलाचे काम हेच.

भंडारा जिल्हा तलावांचा, हे वाक्य आपण परिसर अभ्यासात घोकून घेतो. पण मामा तलाव कुणाचा मामा, हे मुलांना विचारले की वर्गात हशा होतो. माजी मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी उतार पाहून, पाळ घालून हे तलाव बांधले. त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती की लेव्हल मशीन नव्हते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. मालक बदलला आणि हळूहळू तलावाकडे पाहणारा माणूसच उरला नाही. गाळ साचला, काठाने बेशरम माजली. पाण्यातली देशी झुडपे गेली, तशा मरळ, शिंगी यांच्या अंडी घालण्याच्या जागा गेल्या. बाहेरून आणलेल्या गवत्या माशाने उरलेली वनस्पतीही खाऊन टाकली.

हे सगळे कुणाला आधी कळले? ढिवर समाजाला. ज्याचे पोट पाण्यावर, त्याला पाण्याचे दुखणे आधी कळते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या मच्छीमार संस्थांना सोबत घेऊन बेशरम काढली, तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. या कामाचा पाया पुस्तकातला नव्हता, जुन्या ढिवरांना कोणता मासा कोणत्या झुडपात राहतो हे तोंडपाठ होते, तो होता.

म्हणून ऑक्टोबरचे प्रमुख पाहुणे आमच्याच शाळेतल्या एका मुलाचे वडील आहेत. घरी जाऊन निमंत्रण दिले तेव्हा ते दारातच म्हणाले, "मी का सांगू जी मॅडम? मले त दोन शब्द बोलता येत नाही." मी म्हटले, "भाषण नकोच भाऊ. जाळे घेऊन या, विणून दाखवा, आणि पोरं विचारतील त्याचं उत्तर द्या." बराच वेळ गप्प राहून ते हो म्हणाले. त्यांचा मुलगा आजवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात "मजुरी" लिहीत आला आहे. मासेमारी कधीच लिहिली नाही. त्याला कुणी तसे सांगितले नव्हते, त्याने आपल्या मनाने ठरवले. आपल्या वर्गात अशी किती मुले आहेत हे आपण शिक्षकांनी एकदा हजेरीपट उघडून पाहावे. सुतार, लोहार, पितळी भांडी ठोकणारे, कोसा विणणारे, सारेच त्या "मजुरी"त लपलेले असतात. नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोय सांगितली आहे. ते कारागीर शोधायला लांब जायची गरज नाही, पालकांच्या यादीतच आहेत.

पाहुण्यांना खुर्ची, शाल आणि श्रीफळ, जे साहेबांना तेच. यावर आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत थोडी कुजबुज झाली. झाली तर झाली.

तलावावर मुलांचे काम काय? पाण्यात कोणीही उतरणार नाही, हे पहिले. बेशरम तोडायचे काम संस्थेचे सभासद आणि पालक करतील. मुले पाळीच्या सुरक्षित बाजूने बेशरमीचा पट्टा दोरीने मोजतील, आधी आणि नंतर, आणि क्षेत्रफळ काढतील. पाळ, तुडुम, सांडवा, बोडीकडे जाणारी नाली असा तलावाचा नकाशा काढतील. घरच्या आजोबा-आजींकडून माशांची आणि झुडपांची नावे झाडीबोलीत जशी आहेत तशीच लिहून आणतील. प्रमाण मराठीत दुरुस्त करायची नाहीत, ही सूचना मुलांपेक्षा आम्हा शिक्षकांसाठी जास्त. ही वही शाळेच्या वाचनालयात नंबर टाकून राहील.

डिसेंबर : स्वच्छता. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी, साल १९५६. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. तेही उपदेशासारखे नाही, लोकांना प्रश्न विचारत विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. सकाळी झाडलेला रस्ता सर्वांनी पाहिलेला असायचा, म्हणून रात्रीचा शब्द लागत असे. आपण शाळेत उलटे करतो. आधी भाषण, मग वेळ उरला तर झाडू. यंदा आम्ही त्या दिवशी सकाळी काम आणि दुपारी पाहुणे असा क्रम ठेवला आहे. पाहुणे म्हणजे ग्रामपंचायतीचे सफाई कामगार. नालीत काय काय सापडते, हात कशाने कापतात, लोक काय बोलतात, हे ते सांगतील.

सकाळचे काम शाळेच्या आवारातला आठवडाभराचा कचरा वेगळा करून तराजूवर तोलण्याचे. नाली मुले साफ करणार नाहीत. आणि एक बाब स्पष्ट लिहिते. मुलींनी झाडायचे आणि मुलांनी खुर्च्या उचलायच्या, किंवा ठरावीक घरच्या मुलांनाच पाणी टाकायला सांगायचे, हे अनेक शाळांत नकळत चालते. आमच्याकडे पाळी चिठ्ठ्या टाकून ठरेल आणि त्या चिठ्ठ्यांत शिक्षकांचीही नावे असतील.

काही पालक म्हणतात, "लेकरांना शिकायला पाठवतो, झाडायला नाही." त्यांचा राग मला समजतो. ज्यांच्या कित्येक पिढ्या दुसऱ्यांचे झाडण्यात गेल्या, त्यांनी हे म्हटले तर ते रास्तच आहे. म्हणूनच काम सर्वांचे, आठवड्यातून एकच तास, त्यातून मोजणे-लिहिणे काहीतरी निघालेच पाहिजे, आणि नको म्हणणाऱ्या पालकांच्या मुलावर जबरदस्ती नाही. शिक्षा म्हणून काम तर कधीच नाही. उशिरा आलास, जा वर्ग झाड, असे एकदा जरी झाले तर सेवा मंडळ बंद केलेले बरे.

दुसऱ्या शाळांतल्या मित्रांसाठी पाहुण्यांबद्दल दोन शब्द. पाहुण्यांना पंधरा मिनिटेच द्या आणि हे आधी नम्रपणे सांगा. त्यानंतर वीस मिनिटे प्रश्न. प्रश्न मुले आदल्या दिवशी लिहून काढतील, पण ते आम्ही सुधारत नाही. गेल्या वर्षी आमच्या पोस्टमन काकांना एका मुलीने विचारले, "तुम्हाला कोण पत्र लिहिते?" असा प्रश्न माझ्याकडून निघाला नसता. आभारप्रदर्शन एका वाक्यात. आणि काम झाल्यावर महिनाभराने पाहुण्यांना मुलांनी कार्ड लिहायचे, तुम्ही सांगितल्यावर आम्ही हे केले म्हणून. पोस्टकार्ड अजून मिळते, पन्नास पैशांत.

पालकांना विनंती. संमतिपत्राचा कागद या शनिवारी मुलांच्या हाती येईल. त्यावर सहीसोबत दोन गोष्टी लिहायच्या आहेत. मुलाला पोहता येते की नाही, आणि तुमच्या हाताला कोणते काम येते. जुलैच्या घरभेटीसाठी प्रत्येक टोलीत एक मोठे माणूस सोबत हवे. आतापर्यंत तीन आया तयार झाल्या आहेत, अजून दोघे तरी लागतील. बाबा लोकांनीही नाव द्यायला हरकत नाही.