छपराचे काम कोणाच्या हाती द्यावे?

मंगलोरी कौल उलटे करून पाहिले असता त्यावर कारखान्याचे नाव उठविलेले दिसते. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पुढे त्या भागात असे पुष्कळ कारखाने निघाले, आणि आपापला ठसा त्यांनी कौलांवर उमटविला. गिऱ्हाईक तो ठसा पाहून माल घेते. परंतु तेच कौल छपरावर चढविणाऱ्या माणसावर असा कोणताही ठसा नसतो. तो कोण, कोठला, त्याने पूर्वी कोणाचे काम केले, त्याच्या हाताखाली कोणी पडून जायबंदी झाला काय, हे त्याच्या मुद्रेवरून कळत नाही. ते विचारूनच घ्यावे लागते. आणि हेच आपण बहुधा विचारीत नाही. ह्या पाठात ती विचारपूस कशी करावी हे आम्ही सांगणार आहो.

आरंभी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खेडेगावच्या मंडळीचे सभागृह गळू लागले. जुने सिमेंटचे पत्रे काढून नवे घालावयाचे ठरले. तिघांनी दर सांगितले. ज्याचा सर्वांत कमी त्याला आम्ही पंचांनी काम दिले, आणि पैसा वाचविला म्हणून समाधान मानिले. तिसऱ्या दिवशी त्याच्या टोळीतील एक तरुण मजूर जुन्या पत्र्याच्या मधोमध उभा राहिला. पत्रा मोडला आणि तो बारा फूट खाली फरशीवर आला. त्याचा जीव वाचला, परंतु एक पाय कायमचा अधू झाला. ठेकेदाराने दोन दिवस फोन घेतला, मग घेईनासा झाला. त्याचा पत्ता शोधू लागलो तेव्हा असे उघडकीस आले की, आमच्यापैकी एकालाही त्याचे पूर्ण नाव ठाऊक नव्हते. प्रत्येकाच्या फोनमध्ये तो ‘पत्रेवाला’ ह्याच नावाने होता. त्या मजुराची आई सभागृहाच्या पायरीवर येऊन बसली. “तुम्ही त्याला वर चढविले ना?” एवढेच ती म्हणाली. ह्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

१. कोणता कागद कशाचा दाखला देतो

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आपल्या राज्यात केवळ छपरे घालण्याचा असा स्वतंत्र सरकारी परवाना नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया व फ्लोरिडा ह्या राज्यांत छपराच्या कंत्राटदारास परवाना घ्यावा लागतो, आणि त्याचा क्रमांक घेऊन कोणासही त्याची चौकशी करिता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणून “माझ्याजवळ सरकारी लायसन आहे” असे कोणी म्हटले तर “ते कशाचे?” असे नम्रतेने विचारावे व कागद वाचून पाहावा.

‘गुमास्ता’ म्हणून जो कागद दाखवितात तो दुकानाच्या नोंदीचा होय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकास नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावयाची असते. ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती मालकाने स्वतः दिलेल्या माहितीवर व विनामूल्य मिळते. ह्या दोन्हींवरून धंदा आहे एवढे कळते. हात कुशल आहे की नाही हे कळत नाही.

जीएसटीचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातील क्रमांकाच्या आरंभी २७ हा अंक येतो, आणि पुढील दहा अक्षरे मालकाच्या पॅनची असतात. सरकारी संकेतस्थळावर तो घातला असता नाव व नोंद चालू आहे की रद्द झाली हे कोणासही पाहता येते. गावातील शाळेत शिकणारी मुलेही हे काम करून देतील. लहान ठेकेदारास ही नोंद नसणे हा गुन्हा नव्हे, कारण ठरावीक उलाढालीच्या आत ती सक्तीची नाही. परंतु बिलावर एकाचा क्रमांक आणि पैसे घेणारा दुसराच, असे दिसले तर तेथेच थांबावे.

सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी असेल तर ती कोणत्या वर्गाची, किती रकमेच्या कामापर्यंत, आणि तिची मुदत केव्हा संपते, हे पाहावे. ती सरकारी कामे घेण्याकरिता असते; तथापि हा मनुष्य कोठेतरी नोंदला गेला आहे एवढा भरवसा तिने येतो.

एका गोष्टीत मात्र परवाना आवश्यकच आहे. छपराबरोबर पंखे, दिवे वा सौर पट्ट्या ह्यांच्या तारा बदलावयाच्या असतील, तर ते काम अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदारानेच केले पाहिजे. पत्रेवाल्याच्या पोऱ्याने ते जाता जाता करू नये.

२. केलेली कामे आपल्या डोळ्यांनी पाहावी

कागदापेक्षा छप्पर खरे बोलते. ठेकेदाराने निदान तीन घरांची नावे द्यावी, आणि त्यांतील एक तरी दोन पावसाळे काढलेले असावे. कारण नवे छप्पर कोणाचेही चांगलेच दिसते. पंचांपैकी दोघांनी तेथे जावे. पत्र्यांची जोड कशी आहे, आकडी बोल्टाखाली वॉशर बसविलेले आहेत काय, भोके पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडली आहेत की खोलगट भागात, हे पाहावे. खोलगट भागात भोक पाडले असेल तर पाणी तेथूनच आत येणार. कौलारू घर असेल तर आतून वर पाहावे. रीप वाकली असेल तर कौलांची ओळ लाटेसारखी दिसते.

घरमालकास “काम कसे झाले?” असे विचारल्यास “ठीक झाले” असेच उत्तर येईल. म्हणून असे विचारावे: ठरल्या दिवशी आला काय? मध्येच पैसे वाढवून मागितले काय? पहिल्या पावसात गळले तेव्हा बोलाविल्यावर आला काय? ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे आहे. गळणे कोणाच्याही हातून घडते. परत येणे सर्वांच्या हातून घडत नाही.

३. मजुरांच्या जिवाची काळजी

ही आमच्या पाठाची मुख्य गोष्ट होय. ठेकेदारास सरळ विचारावे, “आपल्या कामावर कधी कोणी पडले होते काय? मग आपण काय केले?” जो घाईने “आजवर काही झाले नाही” म्हणतो, त्याच्यापेक्षा जो झालेला अपघात सांगून “तेव्हापासून मी फळ्या टाकल्यावाचून कोणास पत्र्यावर चढू देत नाही” असे म्हणतो, तो अधिक विश्वासास पात्र समजावा. हाच प्रश्न त्याच्या पूर्वीच्या मजुरांसही विचारावा. ठेकेदाराचा खरा इतिहास त्यांना ठाऊक असतो.

छपरावरचे धोके पुढीलप्रमाणे आहेत. सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा भासतो, परंतु तो ठिसूळ असतो. जुना झाल्यावर अधिकच. त्यावर माणसाचे वजन कधीही सरळ पडू देऊ नये. एका वाशावरून दुसऱ्या वाशापर्यंत पोहोचतील अशा रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे. कमरेपुरत्या पट्ट्यापेक्षा खांदे व मांड्या धरणारा पट्टा चांगला, आणि त्याची दोरी मजबूत तुळईस बांधलेली असावी. नुसता पट्टा अंगात घालून दोरी मोकळी लोंबत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. डोक्यावरील टोपीवर आयएसआयचे चिन्ह व आयएस २९२५ हा क्रमांक आहे काय, ते पाहावे. शिडी बारा फूट उंचीस टेकवावयाची तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट पुढे असावा, आणि तिचे टोक छपराच्या कडेवर तीन फूट तरी निघावे. पाऊस वा जोराचा वारा असता काम बंद ठेवावे. जवळून विजेची तार जात असेल तर ओला बांबू व लांब पत्रा हे मृत्यूचे निमंत्रण होय; आधी महावितरणास कळवावे.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाते व वर्षांनंतर कर्करोगासारखे रोग उत्पन्न करिते. असे पत्रे घणाने फोडू नयेत, करवतीने कापू नयेत. पाणी मारून अखंड उतरवावे. त्यांचे तुकडे गोठ्यात वा मुलांच्या अंगणात टाकू नयेत. ठेकेदार हे स्वतः होऊन सांगतो की आपण सांगितल्यावर हसतो, एवढ्यावरूनही त्याची परीक्षा होते.

मजूर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेले आहेत काय, हेही विचारावे. १८ ते ६० वर्षे वयाच्या व मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगारास ही नोंद करिता येते. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी बंधू अशा कामावर जातात. त्यांची नोंद झाली आहे काय, हे उपदेशकांनी घरोघर विचारावे अशी आमची विनंती आहे.

४. लेखी करार, विमा आणि पैसा

कामावर असता इजा झालेल्या मजुराचा भरपाईवरील हक्क आपल्या देशात कायद्याने १९२३ सालीच मान्य केला. परंतु ज्याच्यापाशी पैसा नाही व ज्याचा पत्ता नाही, त्याच्याकडून भरपाई कशी मिळणार? म्हणून ठेकेदाराने मजुरांचा विमा उतरविला आहे काय, ते पाहावे. विम्याच्या कागदावर तीन गोष्टी वाचाव्या: आपल्या कामाचे दिवस मुदतीत येतात काय, मजुरांची संख्या खरी लिहिली आहे काय, आणि उंचीवरील काम त्यात धरिले आहे काय. विमा नसेल तर आपल्या कामापुरता तो घ्यावयास सांगावे, व त्याचा खर्च दरात धरावा. दोन दरांची तुलना करिताना हे विसरू नये की, स्वस्त दर कित्येकदा ह्याच खर्चाला फाटा देऊन स्वस्त झालेला असतो.

करार एका पानाचा असला तरी पुरे. त्यात ठेकेदाराचे पूर्ण नाव, पत्ता व ओळखपत्राचा क्रमांक, मालाची जात व जाडी, मजुरी, कामाची मुदत, सुरक्षेची साधने कोण आणणार, आणि गळल्यास किती दिवसांत येणार, हे लिहावे. सर्व पैसे आगाऊ देऊ नयेत. मालाचे पैसे शक्य तर दुकानदारास परस्पर देऊन पावती आपल्या नावे घ्यावी. मजुरी कामाच्या प्रगतीप्रमाणे द्यावी. आणि दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवावा. पावत्या जपून ठेवल्या तर प्रसंगी जिल्हा ग्राहक आयोगापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दाद मागता येते. तोंडी व्यवहार तेथे सिद्ध करणे फार कठीण जाते.

५. घाईच्या वेळी विशेष सावधगिरी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कौले व पत्रे उडून असंख्य घरे उघडी पडली. अशा वेळी डोक्यावर पाऊस आणि घरात लेकरे असता जो प्रथम दारी येईल त्याला मनुष्य काम देतो, हे स्वाभाविक आहे. तथापि तेव्हादेखील ताडपत्री घालून दोन दिवस काढावे आणि नाव, गाव व पूर्वीचे एक काम एवढी तरी चौकशी करावी. ‘आजच पैसे द्या, उद्या दर वाढेल’ असे म्हणणाऱ्यास उद्याच या म्हणून सांगावे.

वाचकहो, अनुवाद २२:८ येथे नवे घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करावयास सांगितले आहे. तो न केल्यामुळे कोणी पडून मेला तर दोष घरावर येतो. तेथे दोष गवंड्यावर ठेविलेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आमच्या सभागृहाचे छप्पर आता गळत नाही. परंतु तो तरुण काठी टेकीत रस्त्याने जाताना दिसतो, तेव्हा वाचविलेल्या त्या पैशांची आम्हांस लाज वाटते. आम्ही जे विचारिले नाही ते तुम्ही विचारा.

चर्चेसाठी प्रश्न

(१) गुमास्ता, उद्यम व जीएसटी ह्या नोंदींवरून काय कळते व काय कळत नाही?
(२) छप्पर पाहावयास गेल्यावर कोणत्या तीन खुणा पाहाल?
(३) ठिसूळ पत्र्यावर काम करिताना कोणती साधने अवश्य आहेत?
(४) आपल्या गावात शेवटचे छप्पर ज्याने घातले, त्याचे पूर्ण नाव व पत्ता आपणांस सांगता येईल काय?