बाथचे उष्णोदक

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, एव्हन नदीच्या वळणावर बाथ नावाचे टुमदार नगर वसले आहे. ‘बाथ’ या शब्दाचा अर्थ स्नान. भूगर्भातून अखंड उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांमुळेच या गावाला हे नाव मिळाले. आपल्याकडे वज्रेश्वरी व गणेशपुरी येथील उष्णोदकाच्या कुंडांत स्नानासाठी लोक दुरून येतात. तसेच बाथ येथेही शतकानुशतके लोक येत राहिले.

नगराच्या मध्यभागी ‘पंप रूम’ नावाची भव्य वास्तू आहे. तिचे बांधकाम टॉमस बॉल्डविन यांनी १७८९ साली आरंभिले आणि जॉन पामर यांनी ते १७९९ साली पूर्ण केले. दर्शनी भागावर पाण्याची थोरवी सांगणारे ग्रीक वचन कोरलेले आहे. आत शिरताच उंच छत, सुबक स्तंभ आणि मोठ्या खिडक्या दृष्टीस पडतात. टॉमस टॉम्पिअन या विख्यात घड्याळजीने १७०९ साली नगरास भेट दिलेले उंच घड्याळही येथेच आहे. झऱ्याचे पाणी पंपाने वर खेचून ते पेल्यांतून लोकांना प्यावयास देत, म्हणून या दालनाला पंप रूम हे नाव पडले. पाणी कोमट, खनिजांमुळे विचित्र चवीचे. तरीही वैद्यांच्या सल्ल्याने रोगी ते पेल्यामागून पेले पीत.

हे पाणी येते कोठून? हजारो वर्षांपूर्वी डोंगरांवर पडलेले पावसाचे पाणी चुनखडकाच्या भेगांतून खोल खोल झिरपले. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने ते तापले आणि खडकांतील फटींतून पुन्हा वर आले. मुख्य झऱ्याचे पाणी सुमारे ४६ अंश सेल्सिअस इतके गरम असून दररोज अकरा लाख लिटरांहून अधिक पाणी बाहेर पडते. कडाक्याच्या थंडीतही कुंडावर वाफेचे ढग तरंगत असतात!

अशा चमत्काराने प्राचीन मानव भारावून गेला, यात नवल ते काय? इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोक येथे आले. स्थानिक लोक झऱ्याच्या देवतेला ‘सुलिस’ म्हणत. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीचे रूप मानले आणि तेथे मंदिर व प्रशस्त स्नानगृह उभारले. ज्यांची वस्तू चोरीस जाई, ते शिशाच्या पातळ पत्र्यावर देवीला गाऱ्हाणे लिहून झऱ्यात टाकीत. असे सुमारे १३० पत्रे उत्खननात सापडले आहेत. रोमन निघून गेले, इमारती ढासळल्या, सारे मातीखाली गडप झाले. पुढे १७९० साली पंप रूमचा पाया खणताना मजुरांना मंदिराचे कोरीव दगड सापडले. त्यांतील एका उग्र मुखाच्या केसांत साप गुंतलेले आहेत. आज त्याच दालनाखाली रोमनांचे अवशेष पाहावयास मिळतात.

अठराव्या शतकात बाथ हे श्रीमंतांचे आवडते ठिकाण झाले. तेथील समारंभांचे प्रमुख रिचर्ड नॅश यांनी सभ्य वर्तनाचे नियम घालून दिले. तलवार बांधून समारंभास येणे बंद केले. परंतु गरीब रोग्यांचे काय? त्यांच्यासाठी १७४२ साली रुग्णालय सुरू झाले. त्याच्या निधीसाठी नॅश यांनीही खटपट केली होती. निसर्गाचे दान सर्वांपर्यंत पोहोचावयाचे, तर त्यासाठी माणसालाच झटावे लागते.

या पाण्यावर लोकांची अढळ श्रद्धा होती. पण १९७८ साली एक दुर्दैवी घटना घडली. येथील कुंडात पोहलेल्या एका मुलीला मेंदूचा दुर्धर रोग जडला व तिचा अंत झाला. डोळ्यांना न दिसणारा अतिसूक्ष्म जीव पाण्यातून तिच्या शरीरात शिरला होता. दोन हजार वर्षांचे तीर्थ एका दिवसात संशयास्पद ठरले! स्नानाची कुंडे बंद करण्यात आली. मग तज्ज्ञांनी पाण्याचा कसून तपास केला. १९८३ साली नवी कूपनलिका खोदून, वरच्या थरांचा स्पर्श न झालेले खोलवरचे शुद्ध पाणी पिण्यासाठी आणण्यात आले. पुढे २००६ साली लोकांसाठी नवे स्नानगृहही उघडले. जुने रोमन कुंड मात्र आता केवळ पाहण्यासाठी आहे. त्यात उतरण्यास मनाई आहे.

पाणी जुने आहे म्हणून ते निर्मळ असतेच असे नाही, आणि पवित्र मानले म्हणून ते आपोआप निर्धोक होत नाही. श्रद्धेला दक्षतेची जोड मिळाली, तेव्हाच बाथच्या झऱ्याची प्रतिष्ठा टिकली. झरा निसर्ग देतो; त्याचे पाणी स्वच्छ राखणे हे माणसाचे कर्तव्य होय.

शब्दार्थ : उष्णोदक – गरम पाणी, अवशेष – उरलेले भाग, दुर्धर – बरा होण्यास कठीण, निर्धोक – धोका नसलेले, दक्षता – सावधपणा.

स्वाध्याय
१. ‘पंप रूम’ हे नाव का पडले?
२. झऱ्याचे पाणी गरम कसे होते, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. १९७८ च्या घटनेनंतर कोणते उपाय योजण्यात आले?
४. वाक्यात उपयोग करा : भारावून जाणे, गडप होणे, खटपट करणे.
५. आपल्या गावातील विहीर, तळे किंवा नदी यांचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून काय करता येईल? दहा ओळी लिहा.